गच्चीवरच्या तारांचा इतिहास
(अँटेनापासून ॲपपर्यंत : आपल्या सोसायटीची पंचवीस वर्षं)

सोसायटीचा इतिहास म्हटला की नोंदणी, कन्व्हेयन्स डीड, पाण्याची टाकी, लिफ्ट आणि पार्किंग एवढ्याच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. या स्मरणिकेत त्या सगळ्यांवर जाणकारांनी लिहिलं आहेच. पण वार्षिक सभांची जुनी इतिवृत्तं काढून बसलो तेव्हा लक्षात आलं, की पाण्याच्या खालोखाल आपण ज्या विषयावर सर्वांत जास्त बोललो, भांडलो आणि ठराव केले, तो विषय म्हणजे टीव्ही. केबलवाला, डिश, सेट-टॉप बॉक्स, रिचार्ज, आणि मॅचच्या दिवशी गेलेलं चित्र! सहा वर्षं सेक्रेटरी म्हणून काम केल्यामुळे यातलं बरंचसं मला जवळून बघायला मिळालं. आपल्या गच्चीवर जे घडलं ते देशात जे घडत होतं त्याचंच छोटं रूप होतं, म्हणून दोन्ही एकत्र सांगतो.

सिंहगडाकडे तोंड करून

आपल्यातले जे साठी ओलांडलेले सभासद आहेत त्यांनी टीव्ही पहिल्यांदा पाहिला तो वाड्यात किंवा चाळीत. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुण्याला त्याचं प्रक्षेपण मिळू लागलं ते १९७३ मध्ये, सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे. पुण्यातल्या सगळ्या अँटेना तेव्हा सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असायच्या. कावळा बसला की चित्रात मुंग्या, आणि मग एकाने गच्चीवर जाऊन दांडी फिरवायची, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" टीव्हीसाठी सरकारचं लायसन्स लागायचं आणि त्याची फी पोस्टात भरून पुस्तकावर नोंद करून घ्यावी लागायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ती पद्धत बंद झाली.

उपग्रहाशी मात्र पुणे जिल्ह्याचं नातं त्याहून जुनं आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळच्या आर्वी इथे १९७१ मध्ये 'विक्रम' हे भू-उपग्रह केंद्र सुरू झालं. तिथली तबकडी सुमारे तीस मीटर व्यासाची होती! समुद्रापारचे फोन आणि दूरचित्रवाणीचे कार्यक्रम तिच्यामार्फत यायचे. पुढे १९७५-७६ मध्ये 'साइट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांना शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. म्हणजे आपल्या देशात उपग्रहाचा टीव्ही आधी खेड्यात पोहोचला आणि शहरात नंतर, आणि तोही फुकट, सगळ्यांनी एकत्र बसून बघायचा. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने रंग आले, राष्ट्रीय प्रसारण आलं. पण चॅनेल एकच.

एक तार, सगळ्यांसाठी

खासगी तारेचा जन्म मुंबईच्या उंच इमारतींत झाला. ऐंशीच्या दशकात कुणीतरी एका खोलीत व्हीसीआर ठेवून त्यावरून सगळ्या इमारतीला पिक्चर दाखवायला सुरुवात केली. मग आखाती युद्ध आलं. जानेवारी १९९१ मध्ये सीएनएनवर लोकांनी युद्ध थेट पाहिलं आणि डिशची ताकद सगळ्यांना कळली. त्याच वर्षी हाँगकाँगहून एशियासॅट-१ वरून स्टार टीव्ही सुरू झाला. २ ऑक्टोबर १९९२ ला झी आला. व्हीसीआरवाल्याने गच्चीवर मोठी डिश बसवली आणि तो 'केबलवाला' झाला.

सुरुवातीला या धंद्याला कसलाही कायदा नव्हता. १९९४ मध्ये वटहुकूम आणि १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा आला. त्यानुसार केबलवाल्याला मोठ्या पोस्टात नोंदणी करावी लागू लागली. याच सुमाराचा एक निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. १९९३ च्या हिरो कपच्या वेळी क्रिकेट दाखवायचा हक्क कुणाचा, दूरदर्शनचा की मंडळाने ज्याला विकला त्याचा, यावर वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यावर ना सरकारची मक्तेदारी, ना पैसेवाल्याची. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, जे निवृत्तीनंतर आपल्या पुण्यातच राहत. क्रिकेटच्या भांडणातून नागरिकांच्या हक्काचा एवढा मोठा निकाल निघावा हे आपल्या देशालाच शोभतं!

सन २००० मध्ये आपली सोसायटी नोंदली गेली. लोक राहायला आले, आणि गॅसच्या आधी केबलवाला दारात हजर झाला. तोच काळ असा होता, की अल्फा मराठी नुकतं आलेलं, ई टीव्ही मराठी येऊ घातलेलं, आणि ३ जुलै २००० ला 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं. रात्री नऊला तिन्ही विंगमधून एकच संगीत ऐकू यायचं. केबलवाल्याचा मुलगा दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पावतीपुस्तक घेऊन यायचा. पावती दिली तर दिली.

त्या तारेत काय चालायचं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. केबलवाल्याच्या गच्चीवर मोठमोठ्या तबकड्या असत. त्यातून आलेले चॅनेल एकत्र करून तो एका जाड तारेत सोडायचा. खांबाखांबावर ॲम्प्लिफायर, जिन्यात फाटे, आणि फाट्यातून घरोघर. ही तार 'मुकी' होती. एकदा जोडली की सगळ्यांना सगळं दिसणार. एका घराला क्रिकेट द्यायचं आणि शेजारच्या घराला नाही, असं करण्याची सोयच नव्हती. त्यामुळे किती घरांना जोडणी आहे हे केबलवाला सांगेल तेवढंच. नव्वदच्या दशकात चॅनेल 'पे' झाले आणि दर घरामागे पैसे मागू लागले, तेव्हा केबलवाला घरं कमी दाखवायचा. चॅनेलवाला म्हणायचा, हा चोर आहे, म्हणून दर वाढवा. दर वाढला की केबलवाला आपलं बिल वाढवायचा. आणि सरकारचं मनोरंजन शुल्कही जोडणीमागे असल्याने तिथेही तीच लपवाछपवी. या तिघांच्या ओढाताणीत ग्राहक मात्र मुकाट्याने पैसे देत होता. त्याला निवडायला काही नव्हतं.

आपल्या २००२ च्या सभेच्या इतिवृत्तात एक वाक्य आहे : "केबलचालकाने दर एकदम वाढवल्याबद्दल सर्व सभासदांनी निषेध व्यक्त केला व कमिटीने त्याच्याशी बोलावे असे ठरले." कमिटी बोलली. अठ्ठेचाळीस फ्लॅट एकदम तोडू, असं म्हटल्यावर त्याने वाढ निम्मी केली. मुक्या तारेचा हा एक फायदा होता. सगळे एकाच तारेवर होते, त्यामुळे एकजूटही सोपी होती.

कॅस : कागदावरची निवड

या गोंधळावर सरकारने काढलेला पहिला तोडगा म्हणजे 'कॅस'. डिसेंबर २००२ मध्ये कायदा दुरुस्त झाला. कल्पना अशी, की मोफत चॅनेल ठरावीक कमी दरात सगळ्यांना मिळतील, आणि पे चॅनेल हवे असतील त्याने सेट-टॉप बॉक्स घ्यावा आणि हवं तेवढ्याचेच पैसे द्यावेत. चार महानगरांत जुलै २००३ पासून ते सुरू व्हायचं होतं. प्रत्यक्षात सप्टेंबरमध्ये फक्त चेन्नईत झालं. बाकी ठिकाणी बॉक्स कोण देणार, पैसे कोण भरणार, यावरून पुढे ढकललं गेलं. जानेवारी २००४ मध्ये टीव्हीचं नियमन 'ट्राय'कडे आलं आणि ट्रायने पहिलं काम केलं ते २६ डिसेंबर २००३ रोजी जे दर होते ते गोठवण्याचं. शेवटी कोर्टाच्या आदेशानंतर ३१ डिसेंबर २००६ ला मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या काही भागांत कॅस आलं. मोफत चॅनेल ७७ रुपयांत, पे चॅनेल जास्तीत जास्त ५ रुपयांना एक, वर कर. बॉक्ससाठी ९९९ रुपये अनामत आणि ३० रुपये भाडं, किंवा २५० रुपये अनामत आणि ४५ रुपये भाडं.

पुण्यात कॅस आलंच नाही. आपण ते फक्त पेपरात वाचलं. दादरला राहणारे नातेवाईक फोनवर सांगायचे, "पाच रुपयाला एक चॅनेल," आणि आपल्याकडे वाटायचं, मजा आहे बुवा यांची!

छोटी डिश आणि मोठं भांडण

केबलला खरा पर्याय दिला तो डीटीएचने. सरकारने नोव्हेंबर २००० मध्ये परवानगी दिली, पण पहिली सेवा, डिश टीव्ही, ऑक्टोबर २००३ मध्ये आली. दूरदर्शनची मोफत 'डीडी डायरेक्ट प्लस' १६ डिसेंबर २००४ ला, टाटा स्काय ऑगस्ट २००६ ला, आणि पुढच्या तीन वर्षांत आणखी चार-पाच. आता तार मुकी राहिली नव्हती. प्रत्येक घराचा बॉक्स वेगळा, प्रत्येक कार्डाचा नंबर वेगळा, आणि पैसे आधी. पोस्टातल्या लायसन्सनंतर पुन्हा एकदा प्रत्येक टीव्हीची नोंद झाली, फक्त या वेळी ती कंपनीकडे.

डीटीएचबरोबर आपल्या सोसायटीत भूगोल आला. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे एका जागी स्थिर भासतात. आपल्याकडे वापरले जाणारे बरेचसे पुण्याच्या रेखांशाच्या पूर्वेला, ८३ ते ९५ अंशांच्या दरम्यान आहेत. म्हणून पुण्यात डिशचं तोंड दक्षिण ते आग्नेय या दिशेला हवं आणि मध्ये काही आडवं येता कामा नये. अ विंगच्या मागच्या बाजूच्या बाल्कन्या बरोबर त्या दिशेला. त्यांनी ग्रिलला डिश लावली, काम झालं. ब आणि क विंगची तोंडं उत्तर-पश्चिमेला. त्यांना गच्चीशिवाय पर्याय नाही. वास्तुशास्त्रावर विश्वास नसलेले लोकही त्या दिवसांत आग्नेय दिशेची चौकशी करत होते.

मग २००८ च्या पावसाळ्यात क विंगच्या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या बेडरूममध्ये पाणी टपकायला लागलं. गच्चीवर जाऊन पाहिलं तर वॉटरप्रूफिंगच्या थरात ड्रिल मारून सात डिश बसवलेल्या. बसवणारी पोरं येतात, चार भोकं पाडतात आणि निघून जातात. खर्च कुणी करायचा? काका म्हणाले, ज्यांच्या डिश त्यांनी. डिशवाले म्हणाले, गच्ची सगळ्यांची, आमचा हक्क आहे. खालच्या मजल्यावरचे म्हणाले, आमच्याकडे केबल आहे, आम्ही का भरायचं? ती सभा साडेतीन तास चालली. शेवटी जो ठराव झाला तो आजही लागू आहे. गच्चीच्या जमिनीत ड्रिल नाही, जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर सोसायटीने लोखंडी चौकट बसवायची, सगळ्या डिश तिथेच, तारा एकाच पाइपातून खाली, आणि बसवण्याआधी सेक्रेटरीला अर्ज. दुरुस्तीचा खर्च निम्मा सोसायटीने आणि निम्मा सात जणांनी केला. काका आणि त्यांच्यापैकी दोघं काही महिने एकमेकांशी बोलत नव्हते. गणपतीत बोलले.

आणखी एक गोष्ट आपण अनुभवाने शिकलो. या छोट्या डिशच्या लहरी मुसळधार पावसात शोषल्या जातात. त्यामुळे ढग फुटले की पडद्यावर 'सिग्नल उपलब्ध नाही'. केबलवाल्याच्या मोठ्या तबकड्या वेगळ्या लहरींवर चालतात, त्यांना पावसाचा त्रास कमी. जुलैमध्ये ज्यांच्याकडे डिश होती ते शेजारी केबलवाल्यांकडे मॅच बघायला जायचे, आणि वीज गेल्यावर सगळेच जिन्यात.

क्रिकेट कुणाचं?

पैसे कशासाठी मोजले असं विचारलं तर निम्म्या घरांचं खरं उत्तर 'क्रिकेटसाठी' असंच येईल. आणि चॅनेलवाल्यांनाही ते ठाऊक होतं. २००४ च्या मार्चमध्ये आपला संघ पाकिस्तानात गेला तेव्हा हक्क होते दुबईच्या टेन स्पोर्ट्सकडे. ज्यांच्याकडे केबल नाही त्यांनी काय करायचं? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि दूरदर्शनवर मॅच दिसली. २००७ च्या सुरुवातीला वेस्ट इंडिज इथे आले तेव्हा निंबस आणि दूरदर्शनमध्ये पुन्हा तोच वाद. त्यानंतर कायदाच झाला, की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यायचं आणि जाहिरातीचं उत्पन्न ७५:२५ असं वाटायचं. केबलवाले हुशार. त्यांनी दूरदर्शनचा चॅनेल दाखवून महागडा खेळाचा चॅनेल टाळला असता. म्हणून ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हे फुकटचं प्रक्षेपण दूरदर्शनच्या अँटेनावर आणि तिच्या मोफत डिशवरच. केबल आणि खासगी डीटीएचवर नाही. त्यामुळे आजही काही सामन्यांच्या वेळी डीडी स्पोर्ट्सवर भलतंच काही दिसतं आणि आपण रिमोट आपटतो. रिमोटचा त्यात दोष नसतो.

एकेका मॅचचे किंवा पिक्चरचे वेगळे पैसे द्यायची पद्धत अमेरिकेत फार जुनी. १९७५ मध्ये मनिलातली अली-फ्रेझर लढत उपग्रहावरून तिथल्या केबलवर दाखवली गेली आणि मुष्टियुद्धाचे सामने पैसे भरून बघणं तिथे अंगवळणी पडलं. आपल्या ज्या सभासदांची मुलं न्यू जर्सी-कॅलिफोर्नियाला आहेत त्यांना माहीत आहे, की तिथे क्रिकेटसाठी 'विलो' वेगळा घ्यावा लागतो. आपल्याकडेही टाटा स्कायने 'शोकेस'मध्ये नवे पिक्चर मागवून बघायची सोय दिली. ब विंगमध्ये दोन-तीन घरांनी ती हौसेने वापरलीही. पण ती रुजली नाही. ज्या देशात केबलवाला रविवारी दुपारी स्वतःच्या चॅनेलवर कालचा नवा पिक्चर लावत होता तिथे पैसे भरून ऑर्डर कोण देणार? आणि क्रिकेट तर जाहिरातींवर पोसलेलं. ते जितके जास्त लोक बघतील तितकं बरं, एकेका प्रेक्षकाला तिकीट लावून उपयोग नाही. म्हणून आपल्याकडे मॅच विकली गेली ती 'पॅक'मध्ये बांधून. एक खेळाचा चॅनेल हवा तर सोबत नको असलेले दहा घ्या.

२ एप्रिल २०११ चा वानखेडेवरचा अंतिम सामना मात्र आपण सगळ्यांनी एकत्र पाहिला. पार्किंगमध्ये पडदा लावला. क विंगची डिश, अ विंगचा प्रोजेक्टर, ब विंगची भजी. धोनीचा षटकार गेला तेव्हा वॉचमनसुद्धा गेट सोडून नाचत होता, आणि त्याला कुणीही मेमो दिला नाही!

बॉक्स सक्तीचा झाला

कॅसचा अर्धवट राहिलेला धडा सरकारने २०११ च्या अखेरीस पुन्हा उघडला. सगळी केबल डिजिटल करायची, टप्प्याटप्प्याने. मुंबईसह महानगरं ३१ ऑक्टोबर २०१२, आणि पुणे, नागपूर, नाशिक अशी अडतीस शहरं ३१ मार्च २०१३. ३ एप्रिलला आयपीएल सुरू होणार होतं. त्या आठवड्यात केबलवाल्याच्या ऑफिसबाहेर जी रांग लागली ती रॉकेलच्या रांगेची आठवण करून देणारी होती. फॉर्म भरायचा, फोटो चिकटवायचा, बॉक्सचे पैसे द्यायचे. ज्यांच्या घरी दोन टीव्ही त्यांना दोन बॉक्स. स्वयंपाकघरातल्या छोट्या टीव्हीवर दुपारी मालिका बघणाऱ्या कितीतरी वहिनींचा तो टीव्ही त्या दिवसापासून बंद पडला तो पडलाच.

चित्र स्वच्छ झालं, चॅनेल वाढले. पण 'हवं तेवढंच घ्या' हे अजूनही कागदावरच होतं. ते प्रत्यक्षात आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये. ट्रायने मार्च २०१७ मध्ये काढलेला आदेश कोर्टकचेऱ्या करून अखेर लागू झाला. प्रत्येक चॅनेलची किंमत छापील, पॅकमध्ये घालायचा चॅनेल १९ रुपयांपेक्षा महाग नाही. शिवाय जोडणीचे म्हणून १३० रुपये, त्यात शंभर चॅनेल बसतात, आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. हिशेब करून बघा : १३० अधिक १९ रुपयांचे चार चॅनेल म्हणजे ७६, एकूण २०६, त्यावर जीएसटी ३७ रुपये ८ पैसे, म्हणजे २४३ रुपये ८ पैसे. ज्याला फक्त बातम्या आणि दूरदर्शन पुरतं त्याला १५३ रुपये ४० पैसे. ज्याला मराठी, हिंदी, क्रिकेट आणि इंग्रजी पिक्चर सगळं हवं, त्याचं बिल आधीपेक्षा वाढलं. निवड मिळाली, पण निवडायचं काम आपल्यावर आलं.

आणि इथे खरी अडचण झाली. १ फेब्रुवारीच्या आठवड्यात क विंगमधल्या एकट्या राहणाऱ्या एका आजींचा टीव्ही म्हणजे नुसते दूरदर्शन आणि भजनाचे चॅनेल. त्यांची मालिका दिसेना. कंपनीच्या नंबरवर फोन लावला की "एक दाबा, दोन दाबा". त्यांच्याकडे साधा फोन. चार दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांना वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं बटण दाबलं. पाचव्या दिवशी भाजी घेताना बोलण्यात आलं. सोसायटीत अशी अकरा घरं निघाली. मग कॉलेजमधल्या आपल्या चार मुलामुलींनी रविवारी क्लब हाउसमध्ये टेबल मांडलं. एका कागदावर चॅनेलची नावं आणि किमती, समोर बरोबरची खूण. "आजी, तुम्ही काय काय बघता ते सांगा," असं विचारत त्यांनी एकेकाची यादी केली आणि तिथेच नोंदवून दिली. एका दुपारी एकवीस घरांचं काम झालं. त्यांतल्या बहुतेकांना सात-आठ चॅनेल पुरले. वर्षानुवर्षं आपण शेकडो चॅनेलचे पैसे भरत होतो आणि बघत होतो सात, हे त्या टेबलावर पहिल्यांदा कळलं.

नंतर नियम आणखी बदलले. २०२० मध्ये १३० रुपयांत दोनशे चॅनेल झाले आणि घरातल्या दुसऱ्या टीव्हीसाठी जोडणीचा आकार पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नको असं ठरलं. लॉकडाऊनमध्ये २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनवर पुन्हा 'रामायण' लागलं, आणि ज्या चॅनेलकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं त्यावर तीन पिढ्या एकत्र बसल्या. जुलै २०२४ मध्ये ट्रायने जोडणीच्या आकाराची कमाल मर्यादाच काढून टाकली. आता तो किती घ्यायचा हे कंपनी ठरवते. म्हणजे विचारून घेणं आलं.

तार गेली, हप्ते राहिले

आज गच्चीवरच्या चौकटीवर एकोणीस डिश आहेत, पण त्यांतल्या चालू फक्त सहा. बाकीच्या गंजत आहेत. देशातही तेच चित्र आहे. पैसे भरणारी डीटीएचची घरं सात कोटींच्या वर गेली होती, ती २०२४ मध्ये सहा कोटींच्या आसपास आली. क्रिकेट मोबाइलवर गेलं. २०२२ मध्ये आयपीएलचे हक्क विकले तेव्हा टीव्हीसाठी २३,५७५ कोटी आणि डिजिटलसाठी २०,५०० कोटी असा भाव आला. १९ नोव्हेंबर २०२३ चा अंतिम सामना मोबाइलवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक बघत होते, तेही फुकट. फुकटचे दिवस फार टिकले नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन मोठी ॲप एक झाली आणि क्रिकेट पुन्हा रिचार्जच्या किंवा वर्गणीच्या मागे गेलं. चक्र फिरून तिथेच आलं. फक्त आता पावतीपुस्तक घेऊन येणारा मुलगा नाही. खात्यातून पैसे आपोआप जातात.

आपोआप जाणाऱ्या पैशांचा अनुभव मागच्या वर्षी एका कुटुंबाला आला. घरातले आजोबा गेले. सहा महिन्यांनी बँकेचं पुस्तक भरून आणलं तेव्हा दिसलं, की त्यांच्या नावावरचा खेळाचा पॅक आणि दोन ॲप दर महिन्याला पैसे घेतच होती. जोडणी त्यांच्या नावावर, ओटीपी त्यांच्या बंद झालेल्या नंबरवर. बंद करायला मृत्यूचा दाखला, अर्ज आणि पाच फोन लागले. रक्कम फार मोठी नव्हती. पण त्यांच्या मुलीने सांगितलं, "दर महिन्याला बाबांच्या नावाचा मेसेज यायचा, मॅच सुरू होत आहे म्हणून." यावर काही बोलण्यासारखं नव्हतं.

म्हणून, इतिहास सांगून झाल्यावर, पुढच्या सभेत मांडावे असे काही मुद्दे इथेच लिहून ठेवतो.

१. गच्चीवरच्या बंद तेरा डिश आणि त्यांच्या तारा उतरवाव्यात. भंगाराचे पैसे वॉटरप्रूफिंगच्या फंडात जमा करावेत.

२. इंटरनेटच्या तीन कंपन्यांनी डक्टमधून तार टाकायची परवानगी मागितली आहे. एकीलाच मक्ता देऊ नये. २००२ मध्ये आपण दर खाली आणू शकलो कारण 'सोडून जाऊ' असं म्हणता येत होतं. ती ताकद हातची घालवू नये.

३. दर फेब्रुवारीत एक रविवार तरुण मंडळींनी टेबल मांडावं, आणि ज्येष्ठांच्या टीव्ही, मोबाइल, ॲप या सगळ्यांच्या वर्गण्या एका कागदावर लिहून द्याव्यात : कशाचे, किती, कधी जातात, आणि बंद कसं करायचं. गावाला किंवा मुलांकडे परदेशी जाताना सेवा महिन्याच्या हिशेबात तात्पुरती थांबवता येते, हेही पुष्कळांना माहीत नाही.

४. जोडणी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्यासोबत घरातल्या आणखी एकाला ग्राहक क्रमांक आणि पासवर्ड माहीत असावा. नॉमिनेशनचा फॉर्म आपण शेअर सर्टिफिकेटसाठी भरतो, तशीच ही नोंद घरात ठेवावी.

५. वर्षातून एकदा तरी एखादी मॅच पार्किंगमध्ये सगळ्यांनी मिळून बघावी. प्रोजेक्टर अजून चालू आहे, मी तपासून पाहिला आहे. भजीची जबाबदारी ब विंगने घ्यावी, असा ठराव मांडायला मी तयार आहे. अनुमोदक हवा.

— एक सभासद, ब विंग